सूर्यास्ताआधीचे जेवण आणि मंद आच

नोव्हेंबरच्या अखेरच्या आठवड्यात सोलापुरात सूर्य सुमारे ५ वाजून ५० मिनिटांनी मावळतो. जुलैच्या आरंभी तोच सूर्यास्त सात वाजून गेल्यावर होतो. सव्वा तासाचा हा फरक एरवी कोणाच्या ध्यानातही येत नाही. पण ज्या घरात रात्रीभोजनाचा त्याग पाळला जातो, त्या घरच्या स्वयंपाकघराचे सगळे घड्याळ त्यावर चालते. सूर्यास्तापूर्वी दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे आधी, जेवण संपविण्याचा काटेकोर नियम ज्यांच्याकडे आहे, त्यांना हिवाळ्याच्या तोंडाशी पाचच्या ठोक्याला ताटे मांडावी लागतात. आणि पाचचा ठोका म्हणजे नवी पेठेत आणि चाटी गल्लीत गिऱ्हाईक नुकते दुकानाची पायरी चढू लागण्याची वेळ.

व्यापारी कुटुंबाची अडचण इथे सुरू होते. पूर्वी पेढी खाली आणि बिऱ्हाड वर अशी रचना असे. कर्त्या पुरुषाने मुनिमाला गल्ल्यावर बसवून जिना चढला, की दहा मिनिटांत जेवून तो पुन्हा गादीवर हजर होई. आता दुकान पेठेत आणि घर जुळे सोलापूर, होटगी रोड किंवा विजापूर रोडच्या वसाहतीत, असे चित्र झाले आहे. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत चादरीचा किंवा टॉवेलचा कारखाना असेल, तर अंतर आणखी वाढते. घरातील सूनही अनेक ठिकाणी दुपारी दुकानावर असते. खरेदीच्या नोंदी, जीएसटीचे हिशेब आणि बँकेचे व्यवहार तिच्याकडे असतात. मुलांची दुपारच्या सत्राची शाळा पाच-साडेपाचला सुटते आणि सहाला शिकवणी असते. हे सगळे धागे ज्या एका क्षणी एकत्र यायचे, तो क्षण हिवाळ्यात जेमतेम वीस मिनिटांचा असतो.

त्या वीस मिनिटांत स्वयंपाक होऊ शकत नाही. तयार असलेला स्वयंपाक वाढता मात्र येतो. साऱ्या प्रश्नाचे मर्म एवढेच आहे, आणि ते ध्यानात न घेतल्यामुळे बहुतेक घरांत तडजोडी होतात. कुठे मुलाच्या हातात चिवड्याची वाटी किंवा बिस्किटांचा पुडा देऊन त्याला शिकवणीला पाठवले जाते. आठ वाजता ते परत येते तेव्हा त्याला कडकडून भूक लागलेली असते. मग आई एक तर नियम मोडते, किंवा दूध देऊन मुलाला निजवते. काही घरांत तेही चालत नाही. कुठे एकाच स्वयंपाकाच्या तीन पंगती होतात: आजी-आजोबांची पाचला, मुलांची मिळेल तेव्हा आणि दुकान बंद करून आलेल्या पुरुषांची नऊला. तिन्ही पंगतींना ओट्याशी उभी असते ती एकच व्यक्ती. नियम पाळणारे मूल कौतुकास पात्र आहेच; परंतु ज्या घरात वेळेवर ताट तयार नसते, तेथे मुलाला नियमाचा धडा देण्यात फारसा अर्थ नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाचे व्रत हे आधी घरच्या मोठ्यांच्या वेळापत्रकाचे व्रत असते.

पाश्चात्य देशांत नोकरदार कुटुंबे अशा अडचणीवर विजेचे मंद आचेचे भांडे वापरतात. त्याला स्लो कुकर म्हणतात. जाड चिनी मातीचे भांडे, त्याभोवती विजेची तार असलेले कवच आणि वर काचेचे झाकण, एवढीच त्याची रचना. सकाळी जिन्नस घालून बटण दाबायचे आणि संध्याकाळी शिजलेले अन्न वाढायचे. या उपकरणाच्या जन्माची कथा जैन वाचकांना विशेष जवळची वाटावी अशी आहे, कारण तिच्या मुळाशीही सूर्यास्तच आहे.

अमेरिकेतील शिकागो शहरात अर्विंग नॅक्सन नावाचे एक संशोधक होते. ते ज्यू कुटुंबातले. त्यांच्या आईचे बालपण लिथुआनियातील विल्ना गावी गेले होते. ज्यू धर्मात शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत शब्बाथ पाळला जातो आणि त्या काळात विस्तव पेटवणे निषिद्ध असते. म्हणून विल्नातील बायका शुक्रवारी दिवस मावळण्याआधी कडधान्ये, जव वगैरे घातलेले हंडे गावातल्या पावभट्टीत नेऊन ठेवीत. भट्टीची उरलेली ऊब रात्रभर हंड्याला लागे आणि दुसऱ्या दिवशी विस्तव न पेटवता गरम अन्न मिळे. या कालवणाला चोलंट म्हणतात. त्यात बहुधा मांसही असते, तो भाग वेगळा. आईने सांगितलेल्या या भट्टीवरून नॅक्सन यांना चोहोबाजूंनी सारखी मंद ऊब देणाऱ्या भांड्याची कल्पना सुचली. १९४० साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले. १९७१ मध्ये रायव्हल कंपनीने हेच भांडे क्रॉक-पॉट या नावाने बाजारात आणले आणि घराबाहेर नोकरीला जाणाऱ्या स्त्रियांनी ते उचलून धरले. सूर्यास्ताच्या एका धर्मनियमातून निघालेले भांडे अशा रीतीने घराघरांत पोचले.

आपल्याकडे ही युक्ती नवी होती असे मुळीच नाही. जुन्या चुलीला शेजारी वैल असे. मुख्य चुलीवर भाकरी होत असताना वैलावर डाळीचे पातेले चढवलेले असे आणि चुलीतून येणाऱ्या उरल्यासुरल्या उष्णतेवर ती डाळ लोण्यासारखी शिजे. गोवरीच्या शेगडीवर दिवसभर तापणारे दूध, निखाऱ्यांवर ठेवलेला खिचडा, भुशाच्या शेगडीवर हळूहळू मऊ होणारा हरभरा हे सगळे मंद आचेचेच प्रकार. गॅस आला, १९५९ च्या सुमारास देशात प्रेशर कुकर तयार होऊ लागले, आणि शिट्ट्या मोजण्याच्या सवयीत वैल विसरला गेला.

मधल्या काळात आणखी एक भांडे होऊन गेले. कलकत्त्याचे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० मध्ये इकमिक कुकर तयार केला. उभे नळकांडे, त्यात एकावर एक डबे, तळाशी थोडेसे पाणी आणि त्याखाली कोळशाची छोटी शेगडी. भात, डाळ आणि भाजी वाफेवर एकाच वेळी शिजत आणि कोळसा आपोआप विझून जाई. जवळ उभे राहण्याची गरज नसे. अगदी अलीकडे पुण्याच्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ने, त्याच जातीचा सराई कुकर लोकांपुढे आणला. उसाच्या पाचटापासून केलेल्या कोळशाच्या शंभर ग्रॅम वड्यांवर पाच माणसांचा स्वयंपाक त्यात होतो. शेतात जाळून टाकल्या जाणाऱ्या पाचटापासून कोळसा करण्याच्या या कामाला २००२ साली इंग्लंडचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. सोलापूर जिल्ह्यात पाचटाला तोटा नाही, हे उसाचे फड पाहिलेल्यांना सांगायला नको.

अर्थात प्रश्न उरतो: प्रेशर कुकरमध्ये वीस मिनिटांत डाळ होते, मग सहा तास ती शिजवावी कशाला? उत्तर असे की मंद आचेचा गुण वेगात नाही, तो गैरहजेरीत आहे. प्रेशर कुकरजवळ साडेचार वाजता कोणीतरी हजर असावे लागते. मंद आचेच्या भांड्याला अकरा वाजता पाच मिनिटे दिली, की साडेचारला घरात कोणी नसले तरी चालते. सासूबाई स्थानकात किंवा मंदिरात, सून दुकानावर आणि मुले शाळेत, अशा घरासाठी हा फरक मोठा आहे. ज्या घरात दुपारी हाताशी माणूस आहे, त्यांनी हे भांडे घेण्याची मुळीच आवश्यकता नाही; त्यांचा प्रेशर कुकर पुरेसा आहे.

जैन घराने हे भांडे वापरायचे तर परदेशी पाककृतींची पुस्तके जशीच्या तशी चालणार नाहीत. त्यांतल्या निम्म्या कृती मांसाच्या आणि उरलेल्या कांदा-बटाट्याच्या असतात, हे तर उघडच आहे. पण दुसरी एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. ती पुस्तके रात्री भांडे लावून सकाळी उतरवायला सांगतात, किंवा रविवारी आठवड्याचे शिजवून शीतकपाटात ठेवायला सांगतात. रात्र ओलांडलेले पाणीदार अन्न ज्या घरात शिळे म्हणून वर्ज्य आहे, तिथे हे दोन्ही मार्ग बंद आहेत. आपल्या घराला सोईची वेळ एकच: सकाळी सूर्य चांगला वर आल्यावर, धान्य निवडून आणि पाणी गाळून भांडे लावावे, आणि त्याच दिवसाच्या उजेडात ते रिकामे करावे. अकरा ते साडेचार हे साडेपाच तास मंद आचेला अगदी मानवतात. विजेचा उपयोग हीही तेजस्कायाची हिंसा मानून काही व्रती तो टाळतात. त्यांच्यासाठी पुढे वेगळी सोय सांगितली आहे.

भांड्यात काय चांगले होते आणि काय बिघडते, हे आधी समजून घ्यावे. तांदूळ पाच तासांत लगदा होतो. म्हणून दिवसभर बाहेर राहणाऱ्या घराने तांदळाच्या खिचडीच्या नादी लागू नये. ती तीन तासांत होते आणि त्यानंतर प्रत्येक तासाला बिघडत जाते. त्याऐवजी ज्वारीच्या कण्या, गव्हाचा दलिया, सडलेले गहू ही दणकट धान्ये घ्यावीत. ती वेळ सोसतात, किंबहुना वेळेनेच खुलतात. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी ज्या जिल्ह्यात पिकते, तिथल्या मुलांनी संध्याकाळी बिस्किटे खावीत, हे जरा विचित्रच आहे.

कण्यांसाठी ज्वारी गिरणीतून जाडसर भरडून आणावी आणि पीठ चाळून काढावे. एक वाटी कण्या धुऊन भांड्यात घालाव्यात, पाच वाट्या कढत पाणी, मीठ, चिमूटभर हिंग आणि चमचाभर तूप घालून मंद आचेवर पाच तास ठेवाव्यात. पाणी कढतच घालावे. गार पाण्याने पहिला तास-दीड तास नुसता तापण्यात जातो. वाढताना जिरे आणि कढीपत्त्याची तुपाची फोडणी द्यावी. लहान मुलांना त्यात गूळ आणि गरम दूध आवडते, मोठ्यांना सोबत तुरीचे वरण आणि शेंगाचटणी. सोलापूरची शेंगाचटणी लसणाशिवाय होत नाही असे समजणाऱ्यांनी भाजलेले शेंगदाणे, जिरे, तिखट आणि मीठ खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत कुटून पाहावे. मिक्सरमध्ये ती चव येत नाही. चटणी डब्यात टिकते आणि कडक भाकरीही टिकते. घरच्या संध्याकाळच्या जेवणाचा अर्धा भार सोलापूरने असा आधीच हलका करून ठेवला आहे.

तुरीच्या डाळीचे वरण मंद आचेवर फार सुरेख होते. एक वाटी डाळीला चार वाट्या कढत पाणी, हळद, हिंग आणि चमचाभर तेल. एवढे घालून अकराला लावलेली डाळ साडेचारला पळीने फेटली तरी एकजीव होते. मात्र टोमॅटो, चिंच, आमसूल यांपैकी काहीही आरंभी घालू नये. आंबटामुळे डाळ आणि कडधान्ये शिजण्यास विलंब लागतो आणि काही दाणे शेवटपर्यंत टचटचीत राहतात. बोअरच्या जड पाण्यानेही तेच होते. आंबट आणि गूळ शेवटी घालावे. याच वरणात चकोल्या सोडल्या, की मुलांचे जेवण एका ताटलीत आटोपते. गुजराती घरांत जिला दाळ-ढोकळी म्हणतात, तिचीच ही बहीण. कणकेत ओवा, हळद आणि तिखट घालून पोळी लाटावी, शंकरपाळ्यासारख्या वड्या कापाव्यात आणि वरण गॅसवर घेऊन त्याला उकळी आल्यावर त्या सोडाव्यात. दहा मिनिटांत त्या होतात. कणीक सकाळी भिजवण्याऐवजी शाळेतून आलेल्या मुलाने मळली तरी बिघडत नाही. आले घालण्याची सवय असलेल्यांना सुंठ पुरते. बाजारच्या काळ्या मसाल्याच्या पुडीवरील घटक मात्र वाचून पाहावेत. त्यांत बहुधा कांदा-लसूण असतोच.

भाज्यांत दुधी, लाल भोपळा, पडवळ, दोडका आणि घेवडा या मंद आचेला योग्य आहेत. दुधी किसून वरणात घातला तर तो मुलांना दिसतही नाही, हा एक वेगळाच लाभ. बटाट्याची उणीव कच्ची केळी भरून काढतात, पण त्या शेवटच्या तासात घालाव्यात. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य असली, की हेच भांडे सर्वांत उपयोगी पडते, कारण त्या दिवशी डाळ आणि धान्य यांवरच जेवण उभे असते. मुगाच्या सालीच्या डाळीत सांडगे किंवा भाजलेल्या पापडाचे तुकडे शेवटची पंधरा मिनिटे टाकावेत.

खिचडी किंवा वरणासोबत ताक वाढण्याची सवय असलेल्या घरांत द्विदलाचा नियम सांभाळावा लागतो. कच्चे दही-ताक आणि डाळ एकत्र येऊ नये, म्हणून कढी करताना दही आधी चांगले कढत करून मगच त्यात बेसन कालवतात. मंद आचेच्या भांड्यात हे साधत नाही. त्यात घातलेले दही तासन्‌तास कोमट राहते आणि फुटते. ते शास्त्रालाही मानवत नाही आणि जिभेलाही. कढी स्वतंत्रपणे गॅसवरच करावी. दहा मिनिटांचे काम आहे.

सुटीच्या दिवशी गव्हाची हुग्गी करून पाहावी. अक्कलकोट, मंगळवेढा आणि पलीकडे विजापूरपर्यंतच्या कानडी मुलखात हिचे माहात्म्य मोठे आहे. एक वाटी सडलेले गहू सकाळी कढत पाण्यात तासभर भिजवावेत, पाच-सहा वाट्या कढत पाण्यात तीव्र खुणेवर सहा तास शिजवावेत आणि पळीने थोडे घोटावेत. मग गूळ, वेलची, खसखस, किसलेले खोबरे. दूध घालायचे असेल तर भांडे बंद करून, वाफ निघाल्यावर घालावे. कढत गुळात पडलेले दूध नासते. चुलीवर ही हुग्गी करताना सतत ढवळावे लागे, कारण खाली लागली की साराच हंडा वाया जाई. मातीच्या भांड्यात ती लागत नाही. जुन्या पद्धतीपेक्षा नवी निःसंशय सरस ठरते, असे हे एक उदाहरण.

आता सावधगिरीचे. राजमा या भांड्यात कधीही कच्चा घालू नये. लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे एक विषारी द्रव्य असते. खळखळ उकळीने ते नष्ट होते, परंतु मंद आचेवर, ८० अंश सेल्सिअसच्या खाली, ते नष्ट न होता उलट अधिक प्रखर होऊ शकते. अर्धवट शिजलेल्या मूठभर राजम्यानेही काही तासांत ओकाऱ्या आणि जुलाब सुरू होतात, आणि मुलांना त्याचा त्रास अधिक होतो. राजमा करायचाच असेल तर किमान पाच तास भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळ उकळावा किंवा सरळ प्रेशर कुकरमध्ये पुरा शिजवावा. काबुली चण्यांत हे विष इतके नसते. तरीही चार शिट्ट्या करून मग मसाल्यासह मंद आचेवर ठेवणे सोईचे. येथे प्रेशर कुकरच श्रेष्ठ आहे, हे मान्य करायला हरकत नाही.

दुसरी सावधगिरी तापमानाची. शिजलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये फार वेळ राहिले, की त्यात सूक्ष्म जीवांची उत्पत्ती झपाट्याने होते. जैन आचारात ज्याची काळजी शतकानुशतके घेतली गेली, तीच गोष्ट आजचे आहारशास्त्र तापमापकाच्या भाषेत सांगते. म्हणून भांडे निम्म्याहून कमी आणि दोनतृतीयांशाहून अधिक भरू नये. झाकण पुन्हा पुन्हा उघडू नये. प्रत्येक वेळी वीस-तीस मिनिटांची ऊब निघून जाते. आणि वीज. दुपारी वीज जाणे सोलापूरला अपरिचित नाही. घरी कोणी असेल तर जिन्नस लगेच गॅसवर घ्यावेत. कोणी नसेल आणि परतल्यावर भांडे कोमट आढळले, वीज किती वेळ गेली होती हेही ठाऊक नसेल, तर ते अन्न मुलांना देऊ नये. एक वाटी डाळीचे नुकसान सोसावे. खर्चाचा हिशेब व्यापाऱ्याला सांगावा लागत नाही, तरी नोंद म्हणून: २०० वॉटचे भांडे पाच तास चालले तर एक युनिट वीज लागते.

विजेचे भांडे न घेताही हे सारे करता येते, आणि तो मार्ग अनेकांना अधिक रुचेल. युरोपात गवताने भरलेल्या पेटीत कढते पातेले झाकून ठेवण्याची रीत होती. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात नॉर्वेची अशी पेटी मांडली गेली होती, आणि दुसऱ्या महायुद्धात इंधन वाचविण्यासाठी इंग्लंडमधील घरांना ती वापरण्यास सांगण्यात आले. सोलापूरकराला गवत शोधत फिरण्याचे कारण नाही. जाड बुडाच्या, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या पातेल्यात डाळ किंवा दलिया गॅसवर दहा-पंधरा मिनिटे खळखळ उकळावा, झाकण न उघडता पातेले जुन्या टॉवेलात आणि मग घडी घातलेल्या सोलापुरी चादरीत सर्व बाजूंनी गुंडाळावे आणि लाकडी पेटीत किंवा मोठ्या डब्यात घट्ट बसवावे. आत विस्तव नाही, तार नाही, लागण्याची भीती नाही. दुकानात ज्या चादरी एखाद्या धाग्याच्या दोषामुळे मागे पडतात, त्यांचा यापेक्षा चांगला उपयोग सांगता येणार नाही. बाजारात दुहेरी भिंतीची उष्णताधारक भांडी मिळतात, तीही याच तत्त्वावर चालतात. दोन्हींत अट एकच: भांडे भरलेले हवे, कारण थोडे अन्न लवकर निवते. मुगाची डाळ, तुरीची डाळ, दलिया आणि कण्या यांना ही पद्धत पुरते. चार तासांच्या आत अन्न खाण्याचा हिशेब धरावा; म्हणजे पाचला जेवायचे असेल तर पातेले एक वाजता गुंडाळले जायला हवे. अकराला घर सोडणाऱ्या कुटुंबाला हे जमणार नाही. दुपारी जेवायला घरी येणाऱ्या माणसाला मात्र सहज जमेल, आणि तो माणूस पुरुष असला तरी पातेले गुंडाळता येतेच.

दुकानाचा डबा हा शेवटचा धागा. कर्ता पुरुष नऊला घरी येऊन उपाशी निजतो किंवा नियम सोडतो, अशी तक्रार बहुतेक घरांत ऐकू येते. साडेचारला वरण-कण्या तयार असतील, तर पाचच्या आत डबा पेठेत पोचू शकतो. गिऱ्हाईक असताना जेवणार कसे, हा आक्षेप खरा आहे. परंतु पेठेतल्या शेजारच्या दोन दुकानदारांनी पाळीपाळीने एकमेकांच्या गल्ल्यावर दहा मिनिटे लक्ष ठेवले तर तोही सुटतो. डब्यात पातळ वरणापेक्षा दाट चकोल्या किंवा कण्या पाठवाव्यात, म्हणजे हिशेबाच्या वह्यांवर सांडत नाहीत. मुलाला शिकवणी पाचलाच असेल तर हाच डबा, लहान आकारात, त्याच्या दप्तरात जाऊ शकतो. शिकवणीच्या शिक्षकांना एकदा सांगून ठेवावे. हिवाळ्याचे दोन-अडीच महिने ही सवलत नाकारणारे शिक्षक विरळा.

राहिले भांडे घासणे. खरकटी भांडी अंतर्मुहूर्ताहून, म्हणजे ४८ मिनिटांहून, अधिक काळ तशीच राहू नयेत असा नियम असलेल्या घरांत या जड मातीच्या भांड्याची धास्ती वाटते, कारण त्याला कडेने चिकटलेला थर चटकन निघत नाही. वाढून होताच त्यात दोन तांबे कढत पाणी ओतून झाकण ठेवावे. जेवण होईतो थर सुटतो आणि काथ्याने पुसला तरी निघतो. ओतलेले पाणी निवण्याआधीच वापरावे. तापलेल्या मातीच्या भांड्यात गार पाणी मात्र घालू नये, त्याला तडा जातो. भांडे कोरडे पुसून, दिवस आहे तोवर फळीवर पालथे ठेवले, की दिवेलागणीला ओटा मोकळा होतो.